वजन घटलं, धोका वाढला: एका डबल-डेक ट्रेलरचं प्रकरण

या प्रकरणात ट्रेलर उलटला नाही आणि कुणाला खरचटलंही नाही. तपासाच्या दृष्टीने ही मोठी सोय झाली. उलटलेल्या ट्रेलरमधला माल रस्त्यावर विखुरतो आणि कुठे काय ठेवलं होतं हे मग अंदाजानेच सांगावं लागतं. इथे सगळं जागच्या जागी होतं: माल, पट्टे, लोडिंगचा कागद आणि ट्रेलरच्या ब्रेक-यंत्रणेतली नोंद. कंपनीची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत आणि आकडे सोयीसाठी पूर्णांकाजवळ आणले आहेत.

ठिकाण ब्रिटन. किरकोळ विक्रीच्या एका साखळीच्या डेपोतून डबल-डेक, म्हणजे आत दोन मजले असलेला, ट्रेलर पाच दुकानांचा माल घेऊन निघाला. तीन दुकानं उरकली होती. चौथ्याकडे जाताना वाटेत एक राउंडअबाउट (मधल्या गोल बेटाभोवती वळसा घालायचा चौक) लागतो आणि तिथून उजवीकडच्या रस्त्याला बाहेर पडायचं असतं. ब्रिटनमध्ये गाड्या रस्त्याच्या डावीकडून चालतात आणि राउंडअबाउटला घड्याळाच्या काट्याप्रमाणे वळसा घालतात. म्हणजे उजवीकडे जाणाऱ्या गाडीला आत शिरताना थोडं डावीकडे, मग बराच वेळ उजवीकडे आणि बाहेर पडताना पुन्हा डावीकडे वळावं लागतं. मधल्या लांब वळणावर ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागले. ड्रायव्हरने पेडलला पाय लावला नव्हता. डॅशबोर्डवर दिवा लागला आणि गाडी एकदम मंदावली.

चौथ्या दुकानाच्या आवारात मागचं दार उघडल्यावर वरच्या डेकवर दोन रोल केज (माल ठेवायचे चाकांवरचे जाळीचे पिंजरे) डाव्या भिंतीला टेकलेले दिसले. भिंतीच्या पत्र्यावर खांद्याच्या उंचीला ताजा ओरखडा होता. उजव्या बाजूला एक पट्टा सैल लोंबत होता, तो ताणून धरणारं रॅचेट उघडंच. ज्या केजना तो बांधलेला होता, ते तिसऱ्या दुकानात उतरले होते.

कंपनीची पहिली प्रतिक्रिया ठरलेली होती: वेग. ब्रेक-यंत्रणेच्या नोंदीत ताशी २० मैल, म्हणजे साधारण ३२ किलोमीटर वेग दिसत होता. वळणाच्या मानाने तो थोडा जास्तच, असं म्हणून ड्रायव्हरला समज देण्याचं पत्र तयारही झालं होतं. ड्रायव्हरचं म्हणणं मात्र लक्ष देण्यासारखं होतं. याच राउंडअबाउटवरून तो पूर्ण भरलेला ट्रेलर याच वेगाने नेत आला होता आणि कधी दिवा लागला नव्हता. त्या दिवशी तर गाडी जवळजवळ अर्धी रिकामी होती. मग हलक्या गाडीने त्रास का द्यावा?

त्या प्रश्नाला उत्तर न देता पत्र पाठवलं असतं, तर हे प्रकरण तिथेच मिटलं असतं आणि पुढच्या वेळी बहुधा ट्रेलर आडवा पडला असता.

आधी या वाहनाबद्दल. युरोपीय संघात मालवाहू गाडीची उंची साधारणपणे ४ मीटरपर्यंतच ठेवावी लागते. ब्रिटनमध्ये मालमोटारीच्या उंचीवर अशी सरसकट कायदेशीर मर्यादा नाही. तिथल्या पुलांखाली सामान्यतः १६ फूट ६ इंच, म्हणजे ५.०३ मीटर जागा असते आणि त्याहून कमी उंचीच्या पुलांवर तशी पाटी लावतात. वाहनाची उंची ३ मीटरच्या वर गेली की ती लिहिलेली पाटी केबिनमध्ये ड्रायव्हरला दिसेल अशी लावावी लागते. या मोकळिकीमुळे तिथे १६ फुटांच्या आसपास, म्हणजे सुमारे ४.८८ मीटर उंचीचे दुमजली ट्रेलर सर्रास धावतात. माल आकाराने मोठा आणि वजनाने हलका असेल, तर एकाच फेरीत जवळजवळ दुप्पट नग जातात. सहा अ‍ॅक्सलच्या जोडगाडीला (ओढणारी पुढची गाडी अधिक ट्रेलर) एकूण ४४ टनांची परवानगी आहे. किराणा मालाची डबल-डेक गाडी क्वचितच तिथवर पोचते. जागा आधी भरते, वजन नंतर. त्यामुळे या धंद्यात वजनाचा प्रश्न सुटलेलाच आहे अशी एक समजूत रुजलेली असते.

या प्रकरणातला ट्रेलर १३.६ मीटर लांबीचा, पेटीसारख्या बंद बॉडीचा. त्याचा वरचा डेक हायड्रॉलिकने वरखाली होणारा होता आणि मागे दोन्ही डेकपर्यंत पोचणारी टेल-लिफ्ट होती. रिकाम्या ट्रेलरचं वजन ११ टन धरू. त्या दिवशी माल १६ टन होता: वरच्या डेकवर ९ टन, खाली ७ टन. वरच्या डेकची क्षमता पाटीवर १० टन लिहिलेली. म्हणजे एकूण वजन, अ‍ॅक्सलवरचं वजन आणि डेकवरचं वजन, तिन्ही मर्यादेत. वजनकाट्यावर गाडी उभी केली असती तर कुणी बोट ठेवलं नसतं.

जड माल वर कसा गेला, याचं उत्तर गोदामात सापडलं. हलत्या डेकचा ट्रेलर डॉकला, म्हणजे गोदामाच्या माल चढवायच्या ओट्याला, लागला की वरचा डेक आधी डॉकच्या पातळीला आणून भरतात, मग तो वर उचलतात आणि नंतर खालचा भाग भरतात. साहजिकच गोदामातून जे आधी तयार होऊन येतं ते वर जातं. या गोदामात रात्रपाळीची सुरुवात पेयं, डबाबंद पदार्थ आणि साखर-पीठ यांच्या रांगांपासून व्हायची, कारण ते माणसं ताजीतवानी असताना उरकलेलं बरं. टिश्यू पेपर, वेफर्स, नाश्त्याची धान्यं असला फुगीर माल पहाटे यायचा. उचलणाऱ्या माणसांच्या पाठीसाठी केलेला हा अगदी शहाणपणाचा क्रम होता. त्याचा ट्रेलरच्या तोलाशी काही संबंध आहे हे कुणाच्या गावीही नव्हतं. लोडिंगच्या कागदावर प्रत्येक केजचा क्रमांक, दुकान आणि घनफळ होतं. वजनाचा रकानाच नव्हता.

आता हिशेब. वळणावर गाडी उलटणार की नाही हे ढोबळमानाने दोन लांबींवर ठरतं: दोन्ही बाजूंच्या चाकांमधलं निम्मं अंतर आणि गुरुत्वमध्याची रस्त्यापासूनची उंची. पहिलीला दुसरीने भागलं की ‘किती जी’ला गाडी कलंडेल ते मिळतं, म्हणजे आपल्या वजनाच्या किती पट आडवी ओढ बसली की ती उलटेल ते. इथे चाकांमधलं अंतर सुमारे २.०४ मीटर होतं, म्हणजे निम्मं १.०२ मीटर. ट्रेलर काही दगडासारखा ताठ नसतो. टायर दबतात, सस्पेंशन झुकतं, बॉडी बाहेरच्या बाजूला कलते आणि कलल्यामुळे गुरुत्वमध्यही बाहेर सरकतो. म्हणून आलेल्या उत्तरातून मी पाव भाग वजा करतो. ही कपात ढोबळ आहे. नेमका आकडा त्या त्या सस्पेंशनवर अवलंबून असतो, पण तुलना करायला एवढं पुरतं.

खालच्या डेकवरच्या मालाचा गुरुत्वमध्य रस्त्यापासून १.८ मीटरवर धरला, वरच्या मालाचा ३.६ मीटरवर आणि रिकाम्या ट्रेलरचा १.८ मीटरवर. डेपोतून निघताना सगळ्याचा मिळून गुरुत्वमध्य २.४० मीटरवर येतो. १.०२ भागिले २.४० म्हणजे ०.४२५, आणि पाव भाग काढल्यावर ०.३२ जी. प्रवासी मोटारीला कलंडायला याच्या तिप्पट-चौपट ओढ लागते. बहुतेक वेळा मोटार उलटण्याआधी घसरते. उंच मालमोटार घसरण्याआधीच उलटते, आणि घसरताना गाडी जो इशारा देते तो या ड्रायव्हरला कधी मिळतच नाही.

तीन दुकानांनंतर चित्र असं होतं. खालचा ७ टन माल उतरला होता. तिसऱ्या दुकानाचा १ टन माल वरच्या डेकवर मागे उजवीकडे होता, तोही लिफ्टने खाली आला. वर ८ टन उरले. खाली मात्र दुकानांकडून परत घेतलेले रिकामे रोल केज एकात एक सरकवून ठेवलेले होते; एकेक साधारण ४० किलोचा, सगळे मिळून सुमारे १ टन. एकूण माल १६ टनांवरून ९ टनांवर आला. गुरुत्वमध्य मात्र २.४० मीटरवरून २.५२ मीटरवर चढला. वरचा उजवीकडचा माल गेल्यामुळे डावीकडचा १ टन बिनजोडीचा राहिला आणि सगळ्याचा मध्य ३ सेंटिमीटर डावीकडे सरकला. उजव्या वळणावर गाडी डावीकडेच कलते, म्हणजे हे ३ सेंटिमीटर नेमके नको त्या बाजूला गेले. १.०२ मधून ते वजा जाता ०.९९; ०.९९ भागिले २.५२ म्हणजे ०.३९, पाव भाग वजा जाता ०.२९ किंवा त्याहून किंचित जास्त. राउंडअबाउटचा रस्ता पाण्याचा निचरा व्हावा म्हणून बऱ्याचदा बाहेरच्या बाजूला उतरता असतो. अडीच टक्के उतार धरला तर आणखी ०.०२५ गेलं. उरलं साधारण ०.२७ जी.

आणि ताशी ३२ किलोमीटरने ३० मीटर त्रिज्येच्या वळणावरून जाताना लागणारी ओढ? तीही ०.२७ जी.

हा मेळ इतका नेमका जुळला याचं मला फारसं अप्रूप नाही. आकडे ढोबळ आहेत, एखाद-दोन शतांश इकडेतिकडे होतील. पण ड्रायव्हरच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. निघतानाच्या गाडीला त्याच वळणावर त्याच वेगाने थोडी शिल्लक होती. दुपारच्या गाडीला ती उरलीच नव्हती. सकाळी चाललेला वेग दुपारी चालेनासा झाला, आणि मधल्या काळात गाडी हलकी झाल्यामुळे ड्रायव्हर उलट निश्चिंत झाला होता.

केबिनमध्ये बसलेल्या माणसाला हे कळायला मार्गच नव्हता. ट्रॅक्टर (ट्रेलर ओढणारी, केबिन असलेली पुढची गाडी) आणि ट्रेलर फिफ्थ व्हील नावाच्या फिरत्या जोडावर जोडलेले असतात. ट्रेलरची मागची आतली चाकं रस्ता सोडू लागतात तेव्हा ट्रॅक्टर अजून बराच ताठ असतो. केबिनपर्यंत झोक पोचतो तोवर सावरायची वेळ निघून गेलेली असते. एअर सस्पेंशनचा दाब दाखवणारा काटा अ‍ॅक्सलवर किती वजन आहे ते सांगतो. ते वजन किती उंचीवर आहे हे त्याला माहीत नसतं. वजनकाट्याचंही तेच. त्या गाडीवर वजन मोजणारं बरंच काही होतं, उंची मोजणारं काहीच नव्हतं.

रोल स्टॅबिलिटी यंत्रणेने ही गाडी वाचवली. ट्रेलरच्या ईबीएसमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनिक ब्रेक-यंत्रणेत, बसवलेली ही यंत्रणा आडवी ओढ मोजते आणि ती वाढू लागली की ब्रेकला हलकासा दाब देऊन आतल्या चाकांवर अजून भार आहे का ते चाचपते. हलकं पडलेलं चाक लगेच लॉक होऊ पाहतं. तसं दिसलं की यंत्रणा ब्रेक जोरात लावून वेग पाडते. उत्तम यंत्रणा आहे. पण तिच्या हातात फक्त ब्रेक असतात. गाडी आधीच फार वेगात शिरली किंवा चाक कडेच्या दगडाला लागलं, तर तिचा इलाज चालत नाही. तो दिवा लागल्यावर ‘यंत्रणेने काम केलं’ असा शेरा मारून पुढे जाणारे मी बरेच पाहिले आहेत. माझ्या हिशेबी दिवा लागला म्हणजे उलटण्याची घटना घडलीच, फक्त शेवट बदलला.

या प्रकरणाची खरी गोम मात्र त्या रिकाम्या केजमध्ये होती.

हलत्या डेकचा ट्रेलर ज्याने कुणी आखला, त्याच्या मनात साधा क्रम होता: खालचा माल आधी उतरवा, खाली मोकळं झालं की वरचा डेक त्याच्या मालासकट खाली फरशीवर आणा आणि पुढचा प्रवास एकमजली गाडीसारखा करा. या क्रमाने चाललं असतं तर चौथ्या दुकानाकडे जाताना ८ टन माल आणि सुमारे २ टनांचा डेक, दोन्ही खाली असते. गुरुत्वमध्य सुमारे १.७ मीटर. २.५२ आणि १.७! त्याच मालाचा, त्याच गाडीचा, त्याच रस्त्यावरचा फरक. ओढ सहन करण्याची ताकद ०.२७ वरून ०.४३ च्या आसपास गेली असती आणि ताशी ३२ किलोमीटर हा प्रश्नच राहिला नसता.

पण डेक खाली येत नव्हता, कारण खाली रिकामे केज होते. दुकानदारांना मागचं आवार मोकळं हवं असतं, म्हणून प्रत्येक थांब्यावर रिकामे केज परत घ्यायचे असा करारातच नियम होता. तीन दुकानांत खालचा भाग जसजसा मोकळा होत गेला तसतसा तो केजनी भरत गेला. १ टन भंगारवजा जाळ्यांनी ८ टन पेयं आणि डबे साडेतीन मीटरवर अडकवून ठेवले. करार करणाऱ्याने डेक पाहिलेला नव्हता आणि डेक चालवणाऱ्याने करार वाचलेला नव्हता. ड्रायव्हर मंडळींनी कधीकाळी तक्रार केली होती म्हणे, पण ती ‘डेक खाली आणायला वेळ लागतो’ अशी नोंदवली गेली आणि वेळेच्या रकान्यात जाऊन पडली.

बांधणीबद्दलही दोन शब्द. ब्रिटनच्या परिवहन खात्याच्या मार्गदर्शनात माल बांधण्याचा साधा दंडक आहे: पुढच्या दिशेला मालाच्या पूर्ण वजनाइतकी पकड, दोन्ही बाजूंना आणि मागे निम्म्या वजनाइतकी. वरच्या ८ टनांना बाजूला ४ टनांची पकड हवी. सकाळी ती होती, कारण केज भिंतीपासून भिंतीपर्यंत खेटून उभे होते आणि पट्टे ताणलेले होते. तिसऱ्या दुकानात उजवीकडचे केज काढल्यावर तिथे मोकळी जागा झाली आणि शेजारच्या केजना धरणारं काही उरलं नाही. पट्टा पुन्हा बांधायला हवा होता हे खरं. मात्र लिफ्टच्या प्लॅटफॉर्मवर, जमिनीपासून जवळजवळ तीन मीटर उंचीवर उभं राहून एकट्याने रॅचेट ओढायचं आणि खाली दुकानाचा माणूस ‘झालं का’ म्हणून पाहत उभा, हे ज्याने केलंय त्याला तो पट्टा सैल का राहिला हे विचारावं लागत नाही. वरच्या डेकवर झोकही जास्त जाणवतो. बॉडी ४ अंश कलली तर खालच्या डेकवरचा माल बाहेरच्या बाजूला ८ सेंटिमीटरच्या आसपास सरकतो, वरच्या डेकवरचा सुमारे २० सेंटिमीटर. त्यामुळे वर केलेली ढिलाई दुप्पट महागात पडते.

उपायांवर बरीच चर्चा झाली. वळणावर हळू जा, अशी सूचना केबिनमध्ये चिकटवायची हा पहिला प्रस्ताव. त्याला माझा विरोध होता आणि आहे. किती हळू? सकाळी एक वेग, दुपारी दुसरा, आणि कोणत्या थांब्यानंतर कोणता हे सांगणारं काही ड्रायव्हरसमोर नाही. अशा सूचनेने कागद पूर्ण होतो आणि दोष कुणाकडे जाणार हे आधीच ठरतं.

दुसरा प्रस्ताव ऐकायला शास्त्रीय होता: वरच्या डेकवर एकूण मालाच्या ४० टक्क्यांहून जास्त वजन नको. मोजून पाहू. १६ टनांपैकी ६.४ टन वर, ९.६ खाली. निघताना गुरुत्वमध्य २.२३ मीटर, म्हणजे आधीच्या २.४० पेक्षा बराच बरा. पण खालचा सगळा माल उतरून तिथे १ टन रिकामे केज आले की तो २.४३ मीटरवर जातो, म्हणजे जुन्या पद्धतीच्या सकाळच्या आकड्याच्याही वर. टक्केवारीचा नियम डेपोच्या फाटकापाशी खरा असतो आणि तिसऱ्या दुकानाच्या फाटकापाशी खोटा. बैठकीत याच आकड्याने चर्चा वळली. तोवर सगळे ‘लोड कसा भरायचा’ हे बोलत होते. त्यानंतर ‘प्रत्येक टप्प्यावर काय उरतं’ हे बोलू लागले.

तिसरा प्रस्ताव एका अनुभवी लोडरचा होता. प्रत्येक दुकानाचा माल वर आणि खाली एकाच रेषेत, उभ्या कापासारखा ठेवायचा. पहिलं दुकान मागे, शेवटचं पुढे. त्यामुळे वर-खालचं प्रमाण शेवटपर्यंत तेच राहतं. वर ५ आणि खाली ११ टन घेऊन सुरुवात केली तर गुरुत्वमध्य २.१३ मीटर येतो आणि निम्मा माल उतरल्यावर २.०४. उंचीच्या बाबतीत हा प्रस्ताव चोख होता.

अडचण लांबीत होती. या ट्रेलरमध्ये किंगपिनपासून, म्हणजे ट्रेलर ट्रॅक्टरला जोडणाऱ्या खुंटीपासून, मागच्या अ‍ॅक्सलसमूहाच्या मध्यापर्यंत ७.८ मीटर अंतर होतं आणि माल ठेवण्याच्या जागेचा मध्य किंगपिनच्या ५.२ मीटर मागे येत होता. माल सारखा पसरला तर त्याचा एक तृतीयांश भार किंगपिनवर येतो, दोन तृतीयांश मागच्या चाकांवर. १६ टनांपैकी किंगपिनवर ५.३ टन. आता मागचा निम्मा माल उतरवा. उरलेले ८ टन पुढच्या अर्ध्यात आहेत, त्यांचा मध्य किंगपिनपासून फक्त १.८ मीटर मागे. किंगपिनवर जातात ६.२ टन. माल निम्मा झाला आणि ट्रॅक्टरच्या पाठीवरचं ओझं वाढलं! मागची चाकं हलकी झाली ती वेगळीच. या गाडीला ते मर्यादेत बसत होतं, कारण माल १६ टनच होता. पण याच हिशेबाने २४ टनांचा माल निम्मा उतरवला तर किंगपिनवरचा भार ८ टनांवरून ९.२ वर जातो, आणि दोन अ‍ॅक्सलच्या ट्रॅक्टरचा मागचा अ‍ॅक्सल ११.५ टनांच्या मर्यादेला धडकायला वेळ लागत नाही. थांब्याथांब्याला माल उतरवणाऱ्या कोणत्याही ट्रेलरला ही भीती असते, डबल-डेक असो वा नसो. ब्रिटनमध्ये यावरून दंड होतात आणि ड्रायव्हर खरोखर चकित होतो, कारण तो निघाला तेव्हा सगळं नियमात होतं.

उभ्या कापाच्या पद्धतीत आणखी एक खोट होती. प्रत्येक थांब्यावर वरच्या डेकवर चढून काम करावं लागतं आणि डेक शेवटपर्यंत खाली येत नाही. उंचीवरचं काम जितकं टाळता येईल तितकं टाळा, असं ब्रिटनचे २००५ चे उंचीवरील कामाचे नियम सांगतात. हा प्रस्ताव नेमकं ते काम वाढवत होता. लोडरबाबांना वाईट वाटलं, पण त्यांनाही पटलं.

शेवटी जे ठरलं त्याची सुरुवात कराराच्या कागदापासून झाली. पहिल्या तीन दुकानांतून रिकामे केज या ट्रेलरने घ्यायचे नाहीत; ते दुसऱ्या दिवशी एकमजली गाडी गोळा करेल. खालचा डेक खरोखर मोकळा झाला पाहिजे आणि वरचा डेक खाली आणल्याशिवाय चौथ्या दुकानाकडे निघायचं नाही. चौथ्या आणि पाचव्या दुकानाचे केज डेकच्या मागच्या मोकळ्या भागात येऊ शकतात, तेव्हा ते खालीच असतात. दुकानदारांनी कुरकुर केली. आवार एक दिवस भरलेलं राहतं, पावसात केज गंजतात वगैरे. ती चालवून घेण्याजोगी कुरकुर होती.

गोदामातला क्रम बदलणं जास्त कठीण गेलं. पेयं आणि डब्यांच्या रांगा रात्री आधी काढायच्या हे तसंच ठेवलं, पण ते केज थेट ट्रेलरमध्ये न नेता डॉकसमोरच्या पट्ट्यात थांबवायचे. आधी हलका माल वर, डेक उचलल्यावर जड माल खाली. यासाठी डॉकसमोर जागा लागते आणि गोदामात तीच सर्वांत महाग असते. एका डॉकचा वापर त्यापायी कमी झाला. केजच्या चिठ्ठीवर वजनाचा आकडा आला. संगणकात प्रत्येक वस्तूचं वजन आधीपासून होतंच, फक्त कुणी बेरीज मागितली नव्हती. आता १६ टनांच्या फेरीत वर ४ आणि खाली १२ टन जातात तेव्हा निघतानाचा गुरुत्वमध्य २.०७ मीटरवर राहतो. वर जाणारा माल फक्त चौथ्या-पाचव्या दुकानाचा असावा, म्हणजे मधल्या थांब्यावर वर चढावंच लागू नये. हे रोज जमत नाही. शेवटच्या दोन दुकानांनी पेयंच जास्त मागवली की जड-हलक्याचा नियम आणि दुकानांचा क्रम एकमेकांना भिडतात. अशा दिवशी दुकानांचा क्रमच बदलायचा, चार मैल जास्त पडले तरी, असं ठरलं. मला विचाराल तर या सगळ्या बदलांत हा सगळ्यात मोलाचा आहे, कारण इथे पहिल्यांदा रस्त्याच्या नकाशाने मालाच्या तोलापुढे नमतं घेतलं.

लोडिंगच्या कागदाला टप्प्यांचे रकाने जोडले. दुकान १ नंतर वर किती, खाली किती, डेक कुठे, दुकान २ नंतर काय, असं पाचव्यापर्यंत. निघतानाचा आकडा त्या रांगेतला फक्त पहिला. मधल्या थांब्यावर वरून काही काढलंच तर डावी-उजवी जोडी एकदम काढायची आणि रिकाम्या जागेसमोर आडवी दांडी लावायची. पट्ट्यापेक्षा दांडी एकट्या माणसाला पटकन लागते. डेक आणि लिफ्ट दोन्ही उचलणारी साधनं असल्याने त्यांची १९९८ च्या उचल-साधनांच्या नियमांखाली ठरावीक मुदतीने कसून तपासणी होतच होती. त्या तपासणीला जोडून डेक खाली यायला किती मिनिटं लागतात हेही मोजलं. हायड्रॉलिक मंद झालं की ड्रायव्हर डेक वर ठेवूनच निघण्याचा मोह धरतो, हे कुठल्याही चौकशीशिवाय समजण्यासारखं आहे. समज देण्याचं पत्र रद्द झालं.

एक गोष्ट अजून पक्की बसलेली नाही. भर दुपारी फोन येतो: तिसऱ्या दुकानाचं शटर बिघडलंय, आधी चौथं करा. चौथ्याचा माल वर, तिसऱ्याचा खाली. खालचा भाग मोकळा होत नाही, डेक येत नाही, वरून माल काढावा लागतो आणि आखलेले सगळे रकाने कोलमडतात. सध्याचा नियम असा की ड्रायव्हरने फोनवर हो म्हणायचं नाही. डेपोतला आखणी करणारा माणूस नवा क्रम टप्प्यांच्या कागदावर मांडून पाहतो आणि मध्य फार वर जात असेल तर तिसऱ्या दुकानाचा माल डेपोत परत येतो. रात्री आठनंतर आखणी करणारं कुणी जागेवर नसतं, आणि तेव्हाच्या फेऱ्यांसाठी दोनच पर्यायी क्रम आधी तपासून ड्रायव्हरच्या कागदावर छापलेले असतात. त्यात न बसणारी अडचण आली तर गाडी पुढे नेण्याऐवजी परत आणायची, असं लेखी दिलेलं आहे.